बत्ती देणारा वायू : कडक बिजली ते थायरेट्रॉन



आजचा भाग झाशीच्या किल्ल्यातून सुरू करू. ओरछ्याच्या वीरसिंह देवाने 1613 साली बांधलेला हा किल्ला. पुढे नारो शंकर इथे मराठ्यांचे सुभेदार झाले आणि त्यांनी तो वाढवला. नंतर नेवाळकरांची झाशी, आणि मग 1858 चा वेढा. आपले वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेढ्याच्या दिवसांत झाशीतच होते, म्हणून 'माझा प्रवास' वाचलेल्या माणसाला इथला तोफखाना अनोळखी वाटत नाही.

या किल्ल्यात एक तोफ ठेवलेली आहे. तिचं नाव कडक बिजली. गुलाम गौस खान हे तिचे गोलंदाज म्हणून ओळखले जातात, आणि त्यांची कबर याच किल्ल्यात आहे. लोक तोफेपाशी उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. मी तुम्हाला आज तिथे जरा वेळ थांबवणार आहे, कारण माझा विषय तिच्या नावात आहे आणि तिच्या कामाच्या पद्धतीतही आहे. विषय असा : प्रचंड व्होल्टेजची वीज एका सेकंदाच्या काही लाखाव्या भागात कशी सोडायची, आणि ती सोडणारं बटण बनवतं कोण?

तोफ आणि कपॅसिटर

तोफ डागण्याची क्रिया आठवा. दारू भरायची, ठासायची, गोळा घालायचा, नेम धरायचा. याला वेळ लागला तरी चालतो. शेवटी कानाशी बत्ती दिली की साठवलेली सगळी ताकद एका क्षणात नळीतून बाहेर पडते. दारू तीच, पण उघड्यावर जाळली तर नुसती भुरभुर जळते. तोफेत ती भिंत पाडते. फरक दारूच्या वजनाचा नाही, वेळेचा आहे.

विजेचंही तसंच. साधं गणित करू. एक लिटर पाण्याची बाटली जमिनीवरून एक मीटर उचलायला साधारण 10 ज्यूल ऊर्जा लागते. फारच किरकोळ. पण हेच 10 ज्यूल कपॅसिटरमध्ये साठवून 4 मायक्रोसेकंदांत सोडले, तर तेवढ्या वेळापुरती शक्ती होते 25 लाख वॉट. म्हणजे एखाद्या मोठ्या डिझेल रेल्वे इंजिनाइतकी. आणि असे ठोके सेकंदाला 200 दिले, तरी सरासरी वीज लागते फक्त 2,000 वॉट, म्हणजे घरातल्या एका गीझरएवढी. गीझरच्या बिलात इंजिनाची ताकद! अट एकच : बत्ती नेमक्या क्षणी आणि अतिशय वेगाने लागली पाहिजे.

आता अडचण बघा. घरातल्या भिंतीवरच्या बटणासारखा धातूचा स्विच इथे चालत नाही. 20-25 हजार व्होल्ट असले, की दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आधीच त्यांच्यामध्ये ठिणगी उडते. धातू हलायला मिलिसेकंद लागतात, आपल्याला हवी असते त्याहून हजारो पट घाई. आणि दर ठिणगीला धातू जळत जातो. तेव्हा इंजिनिअर लोकांनी उलटा विचार केला. ठिणगी उडणारच असेल, तर पट्ट्या हलवायच्याच कशाला? त्या जागीच ठेवा आणि ठिणगीलाच स्विच करा.

वायू वाट देतो तेव्हा

हवा, हायड्रोजन, नायट्रोजन हे सगळे वायू एरवी विजेला अडवतात. पण व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे गेलं, की वायूतले मोजके मोकळे इलेक्ट्रॉन जोरात धावू लागतात, वाटेतल्या अणूंवर आपटून आणखी इलेक्ट्रॉन सुटे करतात, ते पुढे आणखी सुटे करतात. क्षणार्धात अडवणारा वायूच वाहक बनतो. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. आकाशातली वीज म्हणजे हेच, फक्त कुणाच्या हुकुमाविना.

वायू कधी वाट देईल, हे दाब आणि दोन टोकांमधलं अंतर या दोहोंच्या गुणाकारावर ठरतं, हे फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 साली दाखवलं. त्याच सुमारास हाइनरिश हर्ट्झ कार्ल्सरूहला ठिणग्या पाडून रेडिओ लहरी निर्माण करत होता. 1895 च्या सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी अशाच ठिणगीतून निघालेल्या लहरी भिंतीपलीकडे पाठवल्या, तिथली घंटा वाजवली आणि दारूही पेटवली. म्हणजे विजेची बत्ती तोफेच्या दारूपर्यंत अशी पोचली, आणि तीही आपल्या देशात.

1924 मध्ये एर्विन मार्क्स या जर्मन इंजिनिअरने ठिणगीला आणखी मोठं काम दिलं. त्याची युक्ती इतकी सरळ, की शाळकरी मुलालाही समजावी. दहा कपॅसिटर शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकाला एक लाख व्होल्टपर्यंत भरा. त्यांच्यामध्ये धातूच्या गोळ्यांच्या जोड्या, थोडं अंतर राखून. पहिल्या जोडीत ठिणगी पाडली, की पुढच्या जोड्यांवरचा ताण वाढून तिथेही ठिणग्या पडतात, आणि एरवी बाजूबाजूला असलेले दहाही कपॅसिटर एकामागे एक जोडले जातात. एक लाखाचे दहा लाख व्होल्ट. दहा स्विच एकदम लागले आणि एकही भाग हलला नाही.

हे झाशीला लागू कसं? झाशीहून बबीन्याकडे निघालात की खैलारला भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे भेलचा कारखाना लागतो. 1970 च्या दशकात उभा राहिलेला. इथे रेल्वे इंजिनं होतात आणि 220 किलोव्होल्ट वर्गापर्यंतचे मोठे ट्रान्सफॉर्मर होतात. असा ट्रान्सफॉर्मर पुढे तीस-चाळीस वर्षं उघड्यावर राहणार, पावसाळ्यात त्याच्या तारांवर वीज कोसळणार. म्हणून असे ट्रान्सफॉर्मर पाठवण्याआधी त्यांच्यावर मुद्दाम नकली वीज पाडून बघतात. 220 किलोव्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला साधारण साडेनऊ लाख व्होल्टचा आघात. तो 1.2 मायक्रोसेकंदांत शिखराला पोचला पाहिजे आणि 50 मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरला पाहिजे, अशी प्रमाण चाचणी आहे. ती करतात मार्क्सच्या पद्धतीच्या यंत्राने, गोळ्यांमधल्या ठिणग्यांनी. किल्ल्यातली कडक बिजली थंड पडली, पण झाशीला माणसाच्या हुकुमाने वीज पाडण्याचं काम थांबलेलं नाही.

बाटलीत कोंडलेली बत्ती

उघड्या ठिणगीचे दोष मात्र सैनिकाला लगेच कळतात. आवाज फार, गोळे झिजतात, आणि ठिणगी दर वेळी अगदी त्याच क्षणी पडेल याची खात्री नाही. चाचणीच्या हॉलमध्ये हे चालून जातं. सेकंदाला शेकडो ठोके द्यायचे तर नाही.

उपाय निघाला अमेरिकेत, स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. 1920 च्या दशकात तिथे आयर्विंग लँगम्यूर आणि आल्बर्ट हल काम करत होते. 'प्लाझ्मा' हा शब्द या अर्थाने लँगम्यूरनेच 1928 साली रूढ केला. हलने काचेच्या नळीत थोडा वायू किंवा पाऱ्याची वाफ भरून, तापवलेल्या कॅथोड आणि ॲनोडच्या मध्ये एक जाळी बसवली. जाळी अडवून धरते तोवर वीज जात नाही. जाळीला छोटासा विद्युत इशारा दिला, की वायूचा प्लाझ्मा होतो आणि दार सताड उघडतं. ग्रीक भाषेत दाराला 'थायरा' म्हणतात, म्हणून हा थायरेट्रॉन.

या दाराचा एक स्वभाव आहे. जाळी दार उघडू शकते, बंद करू शकत नाही. एकदा प्लाझ्मा पेटला की प्रवाह आपोआप संपेपर्यंत तो विझत नाही. तोफेचंही हेच ना! बत्ती दिल्यावर गोलंदाजाचं मन बदललं तरी उपयोग नाही. म्हणून किती वीज सोडायची हे आधीच मोजून ठेवावं लागतं. वेटोळी आणि कपॅसिटर यांची एक शिडी बनवतात, आणि त्या शिडीत जेवढी भरली तेवढीच वीज, ठरलेल्या लांबीच्या ठोक्यात बाहेर पडते. त्या ठोक्यालाच पल्स म्हणतात.

रडारला घाई का असते

फेब्रुवारी 1940 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी नव्या प्रकारचा मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. तळहातावर मावेल असा तांब्याचा ठोकळा, पण त्यातून दहा सेंटीमीटर लहरी प्रचंड ताकदीने निघत होत्या. त्याच वर्षी ब्रिटनने तो अमेरिकेला दाखवला, आणि एमआयटीमध्ये रेडिएशन लॅबोरेटरी उभी राहिली. आता रडार विमानात बसेल इतका लहान होऊ शकत होता. पण मॅग्नेट्रॉनला हजारो व्होल्टचे अगदी टोकदार ठोके लागतात.

टोकदार का? रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. जाऊन परत यायचं, म्हणून एका मायक्रोसेकंदाला 150 मीटर अंतर धरा. पल्स 10 मायक्रोसेकंद लांबली, तर पहिल्या दीड किलोमीटरात रडार आंधळा, कारण तो अजून स्वतःच ओरडतो आहे, ऐकणार कधी? आणि एकामागे एक येणारी दोन विमानं त्याला एकच दिसतील. हवाई हल्ल्यात दोनाचं एक दिसणं म्हणजे काय, हे तोफखान्यातल्या माणसाला सांगायला नको.

पाऱ्याचा थायरेट्रॉन इथे कमी पडला. पाऱ्याचा अणू हायड्रोजनच्या सुमारे 200 पट जड. जड आयन हळू हलतात, त्यामुळे दार पुन्हा मिटायला वेळ लागतो, आणि ते कॅथोडवर आपटून त्याचा लेप उडवतात. शिवाय पाऱ्याच्या वाफेचा दाब तापमानावर अवलंबून. कोठारात ठीक, पण वाळवंटात एक आणि उंच आकाशात दुसरंच.

केनेथ गर्मेशाउझेन या एमआयटीतल्या इंजिनिअरने युद्धकाळात यावर हायड्रोजनचा थायरेट्रॉन तयार केला. सगळ्यांत हलका वायू, म्हणून सगळ्यांत चपळ. दाब वातावरणाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. इतक्या विरळ वायूत, टोकं अगदी जवळ ठेवली, तर पाशेनच्या नियमाप्रमाणे हजारो व्होल्टही आपणहून फुटत नाहीत. आणि इशारा मिळाला की काही दशांश मायक्रोसेकंदांच्याही आत दार उघडतं. एक अडचण राहिली होती. हायड्रोजन हळूहळू धातूत मुरतो आणि नळी रिकामी होत जाते. त्यावर पुढे टायटॅनियमसारख्या धातूत हायड्रोजन मुरवून ती छोटी शिदोरी नळीतच ठेवू लागले. ती तापवली की हवा तेवढा वायू बाहेर येतो.

मी स्वतः तरुण अधिकारी असताना रडारच्या केबिनमध्ये ही नळी पाहिली. सेट सुरू करून लगेच पल्स सोडायची नाही, आधी काही मिनिटं कॅथोड तापू द्यायचा, हा नियम. मला घाई. आमचे सुभेदार साहेब म्हणायचे, "साब, बोतल को गरम होने दो, नहीं तो बोतल आपको ठंडा कर देगी." थंड कॅथोडवर पूर्ण ताण दिला तर त्याचा लेप उडतो आणि नळी कायमची जाते. तापली, की तिच्यात जांभळट गुलाबी उजेड लुकलुकायचा. तो उजेड म्हणजे रडार जिवंत असल्याची खूण.

एकदा तो उजेड गेला. बदली नळी भांडारात नव्हती, परदेशातून यायची होती. बाकी सगळा रडार ठणठणीत, अँटेना फिरते आहे, माणसं तयार आहेत, जनरेटर चालू आहे, आणि तळहाताएवढ्या नळीवाचून कित्येक महिने पडदा काळा. शांततेचा काळ होता म्हणून निभावलं. त्या महिन्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या कोर्सने शिकवलं नाही. दारूगोळा आपला असून भागत नाही, बत्तीही आपली लागते.

ज्याच्या हाती बत्ती

जगाने हे फार आधी ओळखलं होतं. गर्मेशाउझेनच्या कंपनीनेच पुढे क्रायट्रॉन नावाची बोटाएवढी वायूची स्विच-नळी बनवली. ती फोटोकॉपी यंत्रातही वापरता येते आणि अणुबाँबच्या स्फोटकांना एकाच क्षणी बत्ती द्यायलाही. 1984 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला एका पाकिस्तानी नागरिकाला अटक झाली. तो 50 क्रायट्रॉन देशाबाहेर नेण्याच्या प्रयत्नात होता. आकाराने खिशात मावणारी वस्तू, पण तिच्यावर निर्यातबंदीचा कडक पहारा. आपल्याकडेही मे 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने अनेक भारतीय संस्थांकडे जाणाऱ्या मालावर निर्बंध आणले. तेव्हा लक्षात आलं, की मोठी यंत्रं अडत नाहीत, त्यांचे छोटे भाग अडतात.

हे भाग घरी बनवण्याचा खटाटोप राजस्थानात पिलानीला झाला. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सीरी. 1953 साली नेहरूंनी तिची पायाभरणी केली. तिथे हायड्रोजन थायरेट्रॉन विकसित झाले, आणि त्याचा धाकटा भाऊ स्यूडोस्पार्क स्विचही. या दुसऱ्याची मूळ कल्पना 1979 ची, जर्मनीतल्या एर्लांगेनच्या क्रिस्टियानसेन आणि शुल्थाइस यांची. त्यात कॅथोड पोकळ असतो आणि तापवावा लागत नाही. आमच्या सुभेदार साहेबांना तो आवडला असता.

हे काम ऐकायला सोपं, करायला किचकट. चिनी मातीच्या जातीचं, पण फार शुद्ध ॲल्युमिना सिरॅमिक तांब्याला असं डाखायचं, की वर्षानुवर्षं हवेचा कणही आत जाऊ नये. त्याआधी नळीतून जवळजवळ सगळी हवा उपसायची, कॅथोडचा लेप जपायचा, मग मोजून हायड्रोजन भरायचा. सूत्रं पुस्तकात मिळतात, हात मात्र वर्षांनी तयार होतो. म्हणूनच बंदीच्या काळात सूत्र माहीत असलेल्या देशांनाही नळी मिळत नाही.

इथे एक खुलासा. तुमच्या व्हॉट्सॲपवर 'काली' नावाच्या गुप्त महाअस्त्राचे मेसेज येत असतील, बर्फाचे कडे कोसळवणारं वगैरे. काली ही ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात बांधलेली इलेक्ट्रॉन त्वरकांची मालिका आहे. मार्क्सच्याच पद्धतीने वीज साठवून ती नॅनोसेकंदांच्या पल्समध्ये सोडणारी संशोधनाची यंत्रं. काम मोठं आहे, त्याला अफवांची झालर लावायची गरज नाही.

तोच ठोका, दुसऱ्या कामाला

आता या गोष्टीचा शेवटचा टप्पा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1977 मध्ये मायक्रोवेव्ह उपकरणांसाठी एक विशेष विभाग सुरू झाला. 1984 मध्ये त्यातून 'समीर' ही स्वतंत्र संस्था झाली, पवईच्या आयआयटीच्या आवारात. समीर म्हणजे वारा. वायूवरच्या आजच्या भागात हे नाव शोभून दिसतं. रडारच्या लहरींचं हेच ज्ञान वापरून या मंडळींनी कॅन्सरच्या उपचाराचं लिनॅक यंत्र देशात बनवलं. पहिलं चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयासाठी. पुढे 'सिद्धार्थ' नावाचं यंत्र आपल्या वर्ध्याजवळ, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसलं. जिथे गांधीजी राहिले, त्या गावात रडारच्या घराण्यातलं यंत्र शेतकरी-मजुरांच्या उपचाराला लागलं.

लिनॅकची रचना रडारचीच सख्खी बहीण. साठवलेली वीज, बत्ती देणारा स्विच, मग मॅग्नेट्रॉन. रडारमध्ये त्याच्या लहरी आकाशात जातात. लिनॅकमध्ये त्या तांब्याच्या नळीत इलेक्ट्रॉनना प्रकाशाच्या वेगाजवळ नेतात, ते धातूवर आपटतात आणि निघालेले क्ष-किरण गाठीवर सोडले जातात. कित्येक दशकं जगभरच्या लिनॅकमध्ये बत्ती देण्याचं काम थायरेट्रॉननेच केलं.

पुन्हा थोडं गणित. सेकंदाला 200 पल्स, किरण दोन मिनिटं, म्हणजे एका वेळेला 24,000 ठोके. अशा 25 खेपा धरल्या तर एका रोग्यासाठी 6 लाख. त्यातला प्रत्येक ठोका नळीतला वायू पेटून आणि विझून गेलेला. काही हजार तासांनी ती नळी थकते आणि बदलावी लागते. बदली नळी हाताशी नसेल तर यंत्र बंद. आणि रेडिएशनमध्ये मधेच खंड पडला तर गाठीला सावरायला वाव मिळतो, उपचाराचा उपयोग घटतो. रडारचा पडदा काळा झाला तर निदान शेजारच्या युनिटचा रडार असतो. रोग्याला असा शेजारी नसतो.

झाशी स्टेशनवर मी हे पाहतो. 1912 पासून धावणारी पंजाब मेल इथून मुंबईला जाते, आणि तिच्यात हातात एक्स-रेचं पाकीट धरलेले बुंदेलखंडातले लोक असतात. इकडे रेडिएशनला 'सिकाई' म्हणतात, आपल्याकडे 'लाईट देणं'. "किती सिकाया राहिल्या?" असा प्रश्न मी डब्यात ऐकला आहे. त्या माणसाला थायरेट्रॉन हे नाव माहीत असायचं कारण नाही. पण त्याच्या पुढच्या सिकाईची तारीख त्या नळीवरही अवलंबून असू शकते.

आज नव्या यंत्रांत अर्धवाहकांचे, म्हणजे ट्रान्झिस्टर जातीचे स्विच येत आहेत. ते थकत नाहीत आणि दार उघडतात तसं बंदही करतात. मग पिलानीचे कष्ट वाया गेले का? मला तसं वाटत नाही. हजारो अँपिअर एका झटक्यात, काही दशक नॅनोसेकंदांत सोडायचे असतील, तर वायू अजूनही कामाला येतो. आणि जुनी यंत्रं चालू ठेवायला नळ्या लागणारच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की नवा स्विचही कुणाच्या तरी कारखान्यात होतो. वायू जाऊन सिलिकॉन आलं म्हणून प्रश्न बदलत नाही : अडल्या वेळी तो आपल्याला कोण देणार?

पुढच्या वेळी झाशीला आलात तर कडक बिजलीपाशी थांबा. तिची नळी बघा, तिच्या मागच्या बाजूचं ते छोटं भोक बघा, जिथे गुलाम गौस खान बत्ती देत असतील. एवढ्याशा भोकावाचून ही सगळी तोफ म्हणजे नुसतं धातूचं वजन आहे.